बाबांच्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका मुलीचं पत्र आलंय. वय २२, बी.कॉम. झालंय, बाबा टॅक्सचं काम करतात आणि घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं ऑफिस आहे. तिथे दोन कॉम्प्युटर, त्यातला एक जुना विंडोज ७ वाला, शिवाय हिचा आणि दादाचा लॅपटॉप, आजीचा टीव्ही, आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू पण ह्यांचंच वायफाय वापरतात. व्हिडिओ बघून बघून हिला कॉम्प्युटरमध्ये कुठून कोण शिरू शकतं ते तपासायची गोडी लागली. एका रात्री सगळे झोपल्यावर हिने एनमॅप (नेटवर्कवर कुठली मशिनं आहेत आणि त्यांची कुठली दारं उघडी आहेत ते दाखवणारं टूल) लावून पूर्ण वायफाय स्कॅन केलं, जुन्या कॉम्प्युटरवर ४४५ आणि ३३८९ हे पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरची नंबर दिलेली दारं, उघडे दिसले, पासवर्ड चौथ्या प्रयत्नात लागला (आजीचं नाव, पुढे १२३), आणि बाबांना पटावं म्हणून त्यांच्या स्क्रीनवरचा फोटो हटवून तिथे "तुमचा कॉम्प्युटर हॅक झालाय" असं लावून ठेवलं. सकाळी बाबा ओरडले नाहीत, गप्प झाले. आता रात्री राउटर बंद करून झोपतात, ऑफिसच्या खोलीला कुलूप लावतात. दादा म्हणतो हा गुन्हा आहे, जेलमध्ये जाशील. ती विचारते, मी तर घराचं भलंच करत होते, मग चुकलं कुठे? आपल्याच घरात तपासणं गुन्हा कसा? आणि ६५ हजारांचा एथिकल हॅकिंगचा कोर्स करू, की घरीच शिकता येईल?

*

तुला जे सापडलं ते खरं आहे, हे आधी सांगून टाकते, कारण ह्या सगळ्या गोंधळात ते कोणी तुला म्हटलं नसेल. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने अपडेट देणं १४ जानेवारी २०२० ला बंद केलं, त्यानंतर त्यात जी भोकं सापडली ती घरगुती कॉम्प्युटरवर तशीच आहेत. ४४५ हा फाइल शेअरिंगचा पोर्ट, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर ह्याच वाटेने पसरला, लोकांच्या फाइली लॉक करून पैसे मागत सुटला, आणि त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, फक्त लोकांनी अपडेट केलं नव्हतं. ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप, दुसरीकडे बसून कॉम्प्युटर चालवायची सोय, त्यात २०१९ ला ब्लूकीप नावाचं इतकं वाईट भोक निघालं की मायक्रोसॉफ्टला त्याहून जुन्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा परत अपडेट काढावं लागलं. आजीचं नाव आणि १२३ बद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे तुझी नजर बरोबर आहे आणि तू हे काम शिकावंस असं मला मनापासून वाटतं.

पण पत्रात तू तीन गोष्टी धरून चालली आहेस, त्या मला पटत नाहीत.

पहिली म्हणजे पोर्ट उघडा दिसला की घर उघडं आहे. तू स्कॅन केलंस ते घराच्या आत बसून, म्हणजे बैठकीतून आतल्या खोल्यांची दारं बघितलीस, रस्त्यावरून घर कसं दिसतं ते अजून तू बघितलेलंच नाहीस. बहुतेक घरच्या राउटरमागे असलेला कॉम्प्युटर बाहेरून आपोआप दिसत नाही, तो दिसतो जर कोणी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून ठेवलं असेल, म्हणजे बाहेरून त्या दारापर्यंत वाट काढून दिली असेल तर. आणि टॅक्सवाल्यांकडे हे असतं बरं का, कधी काळी एखाद्या मेकॅनिकने "गावाला गेलात तरी काम करता येईल" म्हणून ३३८९ बाहेर उघडून दिलेला असतो आणि मग तो मेकॅनिक येईनासा होतो. हे राउटरच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटांत कळतं. ते उघडं असेल तर आजच्या आज बंद करण्यासारखं आहे, नसेल तर धोका आहे पण तो आतला आहे, म्हणजे कोणी व्हायरसवाली फाइल उघडली किंवा वायफायवर कोणी परका आला तर. दोन्ही धोके वेगळे, घाईही वेगळी, आणि "हॅक झालाय" हे तर दोन्हींमध्ये खरं नव्हतं, कारण आत शिरलीस ती तूच.

दुसरी गोष्ट, खरा चोर काही विचारून येत नाही म्हणून तपासणी पण न विचारताच करायची. व्हिडिओंमध्ये हे असंच दाखवतात, काळा पडदा, हिरवी अक्षरं, रात्रीचे दोन वाजलेले. पण हे काम करून पोट भरणाऱ्यांच्या दिवसाची सुरुवात कागदाने होते. कुठली मशिनं तपासायची, कुठली नाही, कुठल्या तारखांना, काय करायचं नाही, काही बिघडलं तर कोणाला फोन करायचा, हे सगळं लिहून सही झाल्याशिवाय कोणी एक स्कॅन लावत नाही. आणि तुला हे सगळ्यात लवकर कळायला हवं कारण तुझ्या घरात हेच चालतं! बाबा क्लायंटचं ऑथोरायझेशन लेटर घेतल्याशिवाय त्याच्या वतीने डिपार्टमेंटपुढे उभे राहतात का? उद्या कोणी त्यांना न विचारता त्यांच्या क्लायंटचं लॉगिन उघडलं आणि म्हणालं की मी तर फक्त रिटर्न बरोबर भरलंय का बघत होतो, तर?

मी बरीच वर्षं एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचं काम केलं. तिथे एकदा दुपारी मी कोणाला न सांगता तपासणीचं एक टूल सगळ्या नेटवर्कवर सोडलं, चांगल्याच हेतूने, साहेबांना रिपोर्ट दाखवायचा होता. बरेच नेटवर्क प्रिंटर ९१०० ह्या पोर्टवर जे येईल ते कागदावर छापतात हे मला माहीत नव्हतं. प्रिंटरमधून अर्ध्या अर्ध्या ओळी छापलेले कागद यायला लागले, एकामागे एक, आणि त्याच दिवशी पगाराच्या स्लिपा काढायच्या होत्या. प्रिंटर बघणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर बोलणी बसली, मी केलंय हे कोणाला माहीतच नव्हतं. संध्याकाळी मी जाऊन सांगितलं, पण त्याची दुपार तर गेली ना. नंतर कळलं की एनमॅप बनवणाऱ्यांनी व्हर्जन ओळखायच्या तपासणीतून ९१०० ते ९१०७ हे पोर्ट मुद्दाम वगळलेत, ह्याच कारणाने, आणि मी वापरलं होतं ते टूल वेगळं होतं. तुझ्या स्कॅनने काही बिघडलं नाही, छान, पण तुझ्या बाबांचा तो जुना डबा १९ तारखेच्या रात्री अडकला असता तर? २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं हे तुला मी काय सांगणार.

आणि तिसरी गोष्ट, जी तू लिहिली नाहीस पण पूर्ण पत्रात आहे, की बाबांना कॉम्प्युटरमधलं कळत नाही म्हणून ते रागावले. मला नाही तसं वाटत. मला वाटतं त्यांना अगदी बरोबर कळलं. त्या मशिनमध्ये त्यांची फक्त कामं नाहीत, लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं, कोणाचं किती कर्ज, कोणी घर कोणाच्या नावावर केलं, असं सगळं आहे, आणि लोकांनी ते त्यांच्यावर विश्वास टाकून दिलंय. सकाळी खुर्चीत बसल्यावर ते वाक्य वाचून त्यांच्या मनात पहिल्यांदा जे आलं असेल ते "माझी मुलगी हुशार आहे" असं नसणार, "कोणाचं काय गेलं" हेच असणार. मग कळलं की आपलीच मुलगी आहे, आणि ती रात्री आत जाऊन आलीये. चार माणसांत मान असलेल्या माणसाला हे बोलता पण येत नाही, म्हणून ते गप्प आहेत. राउटर बंद करणं आणि कुलूप लावणं हेच त्यांना माहीत असलेलं सिक्युरिटीचं काम आहे गं, आणि तसं बघितलं तर त्यात चूक काही नाही.

आता दादा म्हणतो ते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात कॉम्प्युटर आहे त्याच्या परवानगीशिवाय त्यात शिरणं येतं, त्याबद्दल नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्यासाठी केलं तर कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझा हेतू तसा नव्हता आणि बाबा काही पोलिसांत जाणार नाहीत, म्हणून जेलची भीती डोक्यातून काढ. पण "आपल्याच घरात" हा शब्द कायद्यात नाही, तिथे मालक आणि परवानगी हेच शब्द आहेत. तुझा लॅपटॉप तुझा. बाबांचा कॉम्प्युटर बाबांचा. आणि वरच्या भाडेकरूंचे फोन तर अजिबातच तुझे नाहीत, ते पण त्या रात्री तुझ्या स्कॅनमध्ये आले, ह्याचा तू पत्रात एका शब्दानेही विचार केलेला नाहीस.

बाकी हे टूल हातात घेणंच वाईट का, हा वाद तुझ्या जन्माच्या आधीचा आहे. १९९५ मध्ये डॅन फार्मर आणि वीत्से वेनेमा ह्या दोघांनी नेटवर्कमधली भोकं शोधणारं सेटन (म्हणजे सैतान) नावाचं टूल फुकट वाटलं, तेव्हा हे चोरांच्या हातात हत्यार दिल्यासारखं आहे असा गदारोळ झाला होता. ज्यांना ते सैतानाचं नाव खटकत होतं त्यांच्यासाठी नाव बदलून सांता करणारा एक छोटा प्रोग्रॅम पण त्यांनी सोबत दिला होता. आज तशी टूल्स बँकांपासून सरकारी ऑफिसांपर्यंत सगळीकडे लागतात. दादाला हे सांग, भांडण म्हणून नको, माहिती म्हणून.

तर करायचं काय. रविवारी सकाळी बाबांबरोबर सूरसागरला एक फेरी मार, ऑफिसच्या खोलीत हे बोलू नकोस. माफी माग, आणि माफीच्या मागे "पण" लावू नकोस, पोर्ट आणि विंडोज ७ चं पुराण त्या दिवशी अजिबात काढू नकोस. फक्त एवढं विचार की तो जुना कॉम्प्युटर ठेवलाय कशासाठी. कारण नक्की असणार, एखादं जुनं सॉफ्टवेअर तिथेच चालतं, जुना प्रिंटर तिथेच लागतो, जुन्या वर्षांचा टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा तिथे आहे. ते कारण कळल्याशिवाय "नवीन घ्या" म्हणणं सोपं आहे आणि निरुपयोगी. चारेक दिवसांनी एका साध्या कागदावर लिहून दे की ह्या महिन्याच्या २२ तारखेनंतर, दिवसा, तुम्ही समोर बसलेले असताना, ही ही मशिनं मी बघेन, क्लायंटची एकही फाइल उघडणार नाही, काही बदलायचं असेल तर आधी सांगेन. खाली दोघांच्या सह्या. ते नाही म्हणाले तर नाही. मग तू तुझ्या लॅपटॉपवर शिक आणि दिवाळीपर्यंत थांब, चोपडापूजनाला बाबा त्या कॉम्प्युटरला कुंकू लावत असतील ना, त्या दिवशी परत विचारून बघ.

हो म्हणाले तर पहिलं काम बॅकअपचं, आणि हे मी सगळ्याच वाचकांना सांगतेय ज्यांच्या घरात असं ऑफिस आहे. बॅकअप आहे का असं विचारलं की सगळे हो म्हणतात. तू तो परत टाकून बघ. पेन ड्राइव्हवरचा टॅलीचा डेटा तुझ्या लॅपटॉपवर रिस्टोर कर, बाबांनाच उघडू दे, मार्चचे आकडे जुळतात का त्यांनाच बघू दे. ही पण टेस्टच आहे, कुठल्याही स्कॅनइतकी खरी, आणि मी अशी घरं बघितलीत जिथे वर्षभर निष्ठेने घेतलेला बॅकअप ऐन वेळी उघडलाच नाही. एक कॉपी कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक घराबाहेर, आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवायची, लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, कॉम्प्युटरबरोबरच खाऊन टाकतो.

मग राउटर. ॲडमिनचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच आहे का बघ, २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते असे साठेक ठरलेले पासवर्ड लावून लावूनच. पोर्ट फॉरवर्डिंग, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण दाबून वायफाय जोडायची सोय), राउटर बाहेरून चालवायची सोय, हे लागत नसेल तर बंद. भाडेकरू आणि आजीचा टीव्ही गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर. हे एवढं केलंस की जुन्या कॉम्प्युटरचा अर्धा प्रश्न विंडोजला हात न लावता हलका होतो, आणि त्या मशिनला इंटरनेटची गरजच नसेल तर त्याची वायर काढून टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, पेन ड्राइव्ह लावताना तेवढं सांभाळायचं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोज १० असेल तर त्याचाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ते लक्षात ठेव.

त्यानंतर बाबांचं रोजचं लॉगिन. ॲडमिनिस्ट्रेटर असेल तर साधं स्टँडर्ड अकाउंट करून द्यायचं. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने विंडोज विकत न घेता कुठल्या ॲक्टिव्हेटर टूलने चालू केलंय का ते बघ, कारण ती टूल्स अँटिव्हायरस बंद करायला लावतात आणि मग तो बंदच राहतो. एनीडेस्कसारखं, दुसरीकडून कॉम्प्युटर चालवू देणारं काही कोणी कधी टाकून ठेवलंय का तेही बघ. आणि आता जे स्कॅनमध्ये कधीच दिसणार नाही ते. टॅक्सच्या बऱ्याच ऑफिसांत मी बघितलंय, क्लायंटच्या डिजिटल सिग्नेचरचे टोकन (पेन ड्राइव्हसारखे दिसतात ते) एका डब्यात, प्रत्येकावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर पिन, आणि सगळ्यांचे जीएसटीचे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये जिचं नावच "पासवर्ड". तुझ्याकडे तसंच असेल तर ४४५ च्या आधी तो डबा कुलपात जाऊ दे, पिनच्या चिठ्ठ्या निघू दे, आणि पासवर्ड एखाद्या पासवर्ड मॅनेजरमध्ये जाऊ दे. बाबांच्या ऑफिसवर संकट येईल ते बहुतेक "जीएसटी नोटीस" नावाच्या ईमेलमधून किंवा आम्ही डिपार्टमेंटमधून बोलतोय अशा फोनवरून येईल. एनमॅपला ह्यातलं काही कळत नाही. तुला कळू शकतं, कारण तू त्या घरात वाढलीयेस.

मशिनमध्ये आधीपासून काही शिरलंय अशी शंका आली तर भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची टूल्स फुकट मिळतात. आणि कधी पैसे गेले तर पहिला फोन १९३० ला, लगेच, मेकॅनिकला नंतर.

शिकण्याचं म्हणशील तर ६५ हजार आत्ता देऊ नकोस. कोर्स वाईटच असेल असं मी म्हणत नाही, पण आज तुला तो चांगला की वाईट हे ओळखता येणार नाही, आणि सहा महिन्यांनी येईल. तेवढ्यात फुकट इतकं काही होण्यासारखं आहे. तुझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअलबॉक्स टाक, त्याने लॅपटॉपच्या आत वेगळे कॉम्प्युटर चालवता येतात, त्यात एक तपासणीच्या टूल्सनी भरलेलं काली लिनक्स आणि एक मेटास्प्लॉइटेबल, हे दुसरं मुद्दाम भोकं ठेवूनच बनवलंय, शिकणाऱ्यांनी फोडावं म्हणून. दोघांचं नेटवर्क होस्ट ओन्ली, म्हणजे फक्त लॅपटॉपच्या आतलं, ठेव, ब्रिज्ड कधीच नाही, नाहीतर ते भोकं पडलेलं मशिन घरच्या वायफायवर येऊन बसेल आणि बाबांच्या दारात तू स्वतःच चोरासाठी शिडी लावून ठेवलेली असेल. तिथे रात्री दोन वाजता काय वाटेल ते कर, कोणाची झोप जाणार नाही, बिघडलं तर आधी जपून ठेवलेल्या स्नॅपशॉटवर परत ये.

पण त्याच्याही आधी नेटवर्क शीक. आयपी म्हणजे काय, डीएनएस काय करतं, टीसीपीमध्ये दोन मशिनं एकमेकांशी ओळख कशी करून घेतात. हे कंटाळवाणं वाटतं आणि जवळजवळ सगळे इथेच घाई करतात, मग टूल जे सांगेल ते खरं धरून बसतात, जसं तू उघडा पोर्ट बघून धरलंस. वायरशार्क हे टूल लावून स्वतःच्याच लॅपटॉपचं ट्रॅफिक, म्हणजे नेटवर्कवरून काय येतं-जातं ते, रोज अर्धा तास बघ. लिनक्सच्या कमांडसाठी ओव्हरदवायर ह्या वेबसाइटचा बँडिट नावाचा खेळ आहे, वेबसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी आहे, आयआयटी खडगपूरच्या प्राध्यापकांचा एथिकल हॅकिंगचा कोर्स एनपीटीईएल ह्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहे. एका वेळी एकच धर. आणि एक वही कर, काय केलं, काय दिसलं, त्याचा अर्थ काय आणि किती धोक्याचं, दुरुस्ती काय, हे मराठीत लिही, बाबांना समजेल असं. ह्या कामात पगार मिळतो तो ह्या लिहिण्याला मिळतो, स्कॅन तर मशिन करतं.

आणि बी.कॉम. झालीस म्हणून कमी पडशील असं पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलीस, ते मला टोचलं. हिशेब कसा जुळतो, कोणाच्या सहीने पैसे सुटतात, एकाच माणसाच्या हातात दोन्ही चाव्या का नसाव्यात, हे तुला शिकवावं लागणार नाही. सिस्टिम ऑडिट हे पूर्ण क्षेत्र ह्याच प्रश्नांवर उभं आहे, आणि तिथे नुसते कॉम्प्युटरवाले हे सगळं पहिल्यापासून शिकतात. सहा महिन्यांनी वही भरली असेल आणि तरी कोर्स करावासा वाटला, तर क्लासवाल्यांना दोन गोष्टी विचार, लॅब किती तास आहे आणि रिपोर्ट लिहायला शिकवता का. उत्तर देताना सर्टिफिकेटच दाखवायला लागले तर घरी ये.

भाडेकरूंना पण सांगून टाक, जिन्यात भेटल्यावर दोन मिनिटांत, की त्या रात्री तुमचे फोन नुसते यादीत दिसले होते, आत काही बघितलेलं नाही, आता तुमचं वायफाय वेगळं करून देतेय.

आणि एक राहिलं. बाबांच्या स्क्रीनवर आधी कुठला फोटो होता ते तू लिहिलं नाहीस. तो बहुतेक त्यांच्या पिक्चर्सच्या फोल्डरमध्ये असेल अजून. स्वतः शोधायला जाऊ नकोस. त्यांना विचार की परत लावून देऊ का, आणि ते हो म्हणाले तर माउस त्यांच्या हातात दे आणि तू शेजारी स्टूल घेऊन बस.